मला भूक नाही

ता. ९ ऑक्टोबर

ताईला धाकटीचा नमस्कार,

हे पत्र मी चादरींच्या खोलीत बसून लिहितेय, घड्या घातलेल्या गठ्ठ्यावर कागद ठेवून. अक्षर वेडंवाकडं येईल, सांभाळून घे. शाळा सुटल्यापासून हातात पेन कुठलं, झाडूच. उद्याच्या बोटीनं आमच्याकडं खोली घेतलेली एक पाहुणीबाई परत चालल्यात. बऱ्या आहेत, भिंगरीला टोपी दिली त्यांनी. त्या गेल्यावर पेटीत टाकतील. सासूबाईंना यातलं काही माहीत नाही. म्हणून पहिलं हे सांगते, उत्तर घरी पाठवू नकोस. पाववालीच्या दुकानाचा पत्ता मागं लिहिलाय, तिथं पाठव.

तू मागं म्हणालीस, तुमचं बेट म्हणजे चित्र आहे. आहेच गं. चित्रच आहे. कुठल्या घराला कुठला रंग ते कमिटी ठरवते. आमचं पिवळं, शेजारचं पोपटी, त्याच्या पलीकडचं जांभळं. पण रंग फक्त बोटीकडच्या भिंतीला. मागं ये, नुसतं शेवाळ. भिंगरीची दुपटी पण मागंच वाळवायची, समोरच्या दोरीवर पाहुण्यांच्या पांढऱ्या चादरी. समोर दुपटं दिसलं की सासूबाई म्हणतात, "तुझ्या पोरीच्या शीचा फोटो काढायला येतात का लोक?"

ते चालतं. त्याचं रडगाणं नाही. मला भीती वाटते ती वरच्या खोलीची.

वरच्या मोठ्या खोलीला समुद्राकडं दार आहे. दाराबाहेर गच्ची, आणि गच्ची संपली की संपलीच. कठडा नाही. खाली खडक. भरती असली तर पाणी, नाहीतर खडकच. आधी लाकडी कठडा होता म्हणे, सासूबाईंनी काढून टाकला. म्हणाल्या, कठड्यानं फोटोत समुद्र चिरतो. आणि खरंच, त्याच खोलीला मागणी. भिंगरी आता चालायला लागलीय. चालत नाही, धावतेच. खोल्या झाडताना तिला कुठं ठेवू? जुन्या चादरीची पट्टी करून पलंगाच्या पायाला बांधायची मी तिला. एका पाहुण्यानं बघितलं, खाली जाऊन तक्रार केली, पोर जनावरासारखी बांधतात म्हणून. सासूबाईंनी पट्टी चुलीत घातली. कठडा लावा म्हटलं तर म्हणाल्या, "माझी चार पोरं इथंच वाढली." ताई, चार नाहीत, तीन आहेत. चौथ्याचं कुणी काही बोलत नाही.

यांना सांगितलं. हे दिवसभर बोटीवर पाहुण्यांना हसवतात, घरात आले की तोंडात मिठाची गुळणी.

सीझन संपेपर्यंत भिंगरीला तुझ्याकडं ठेवशील? ती जास्त खात नाही.

आणि घरच्यांसमोर लिहायची वेळ आली तर मी आपलं काकूच्या घरातलं लिहीन. आठवतं ना? जेवताना तुला किंवा मला रडू फुटायला लागलं की म्हणायचं, "मला भूक नाही." की दुसरीनं तांब्या सांडायचा, काकू फडकं आणायला उठली की दोघींनी मागच्या दारानं पळायचं. तसं लिहिलं की तू समज, आणि ये.

तुझी,
धाकटी


ता. २६ ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

पत्र मिळालं. दुकानावर कशाला पाठवू, चांगलं पिवळं घर असताना? लोकांना वाटायचं बहिणीला घरचा पत्ता माहीत नाही. तिथंच पाठवतेय.

अगं, तुला सुख टोचतंय. इथं आमच्या खिडकीतून काय दिसतं सांगू? समोरच्या बिल्डिंगचे पाइप. तुझे भावोजी मालबोटीवर, दोन वर्षांतून एकदा तोंड दाखवतात. बाकी मी, सासूबाई, दीर आणि पोरगा. तू पाठवलेलं ते घरांचं कार्ड मी फ्रिजवर लावलंय. येणारा-जाणारा विचारतो, हे कुठलं? मी म्हणते, माझी बहीण राहते तिथं. सासूबाईसुद्धा त्या कार्डापुढं माझ्याशी नीट बोलतात. लोक वर्षभर पैसे साठवून जातात तिथं आणि तू फुकटात राहून रडतेस! गाढवाला गुळाची चव काय म्हणतात ते हेच.

कठड्याचं सासूबाईंना प्रेमानं सांग. मला लिहून काय उपयोग? मी काय तिथं येऊन खिळे ठोकू? आणि पोरीला इथं कुठं ठेवू, आमच्या दोन खोल्या. आई आहेस, लक्ष ठेव म्हणजे झालं.

आम्हाला कधी बोलावतेस ते सांग. वरची खोली म्हणतेस ती दे हं.

तुझी,
ताई


ता. ४ नोव्हेंबर

ती. ताईस,

तुझं पत्र सासूबाईंनी फोडलं आणि जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना वाचून दाखवलं. दोन पाहुणे पण होते. चांगलं वाचतात त्या. "माझी सून घरातलं बाहेर सांगते हे मला तुझ्या बहिणीकडून कळलं, ती शहाणी दिसते," असं म्हणाल्या. पाववालीकडं जायचं आता बंद आहे, पाव हे आणतात.

हे कार्ड सासूबाईंनी दिलंय, छापताना रंग फिसकटलेलं आहे, ते विकत नाही. त्या समोर बसल्यात.

इथं सगळं छान आहे. हवा छान आहे. वरची खोली भरलेली असते. भिंगरी खूप धावते.

हल्ली मला भूक नाही.

धाकटी


ता. २० नोव्हेंबर

धाकटीच्या सासूबाईंना नमस्कार,

धाकटीचं कार्ड वाचलं आणि राहवेना म्हणून तुम्हालाच लिहितेय. ती लाजाळू, स्वतः कशाला सांगेल! "हल्ली मला भूक नाही" म्हणते. मी म्हटलं, म्हणजे दिवस गेले! पहिल्या वेळीही तिचं अन्नावरचं मन असंच उडालं होतं. या वेळी मुलगा होऊ दे. माझी बहीण जरा हळवी आहे, कशालाही घाबरते, तिचं मनावर घेऊ नका. तुमच्यासारखी सासू मिळाली हे तिचं नशीब.

आमच्या सासूबाईंना समुद्राची फार हौस. बघू, कधी योग येतो.

तुमची,
सुनेची ताई


ता. १५ डिसेंबर

ताई,

हे पाववालीच्या नवऱ्याच्या हातून पाठवतेय. तो मासे घेऊन पलीकडं जातो.

तुझ्या पत्रानंतर मला आठवडाभर जिना चढू दिला नाही. खुर्ची दिली बसायला. हे बाहेरून येताना माझ्यासाठी फळं आणायला लागले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. मी म्हणत होते, नाही हो, तसं काही नाही, तर सासूबाई म्हणायच्या, "लाजू नकोस." मग माझी पाळी आली, चादरीला लागलं आणि सगळ्यांना कळलं. सासूबाई म्हणाल्या, खोटारडी आहे, काम टाळायला पोटाचं सोंग केलं. फळांची टोपली होती, त्यात हात घालून यांनी एकेक करून बोटीकडच्या रस्त्यावर फेकली. नंतर मला मारलं. जास्त नाही. पण भिंगरी बघत होती, तेव्हापासून हे आले की ती पळते, आणि पळायला जागा वरचीच.

ताई, तू विसरलीस का? मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं की.

एक बरं झालं. पाववालीच्या नवऱ्यानं जुनं जाळं दिलं. मी ते गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधलंय, माझ्या छातीइतकं उंच. सासूबाई म्हणाल्या, पाहुणे असतील तेव्हा सोडायचं, गेले की बांध. पाहुणे असले की मी भिंगरीला पाठीवर बांधून झाडते. पाठ मोडून येते, पण झोप लागते.

धाकटी


ता. २ जानेवारी

प्रिय धाकटे,

तुझं वाचून वाईट वाटलं. पण मी चांगल्यासाठीच लिहिलं होतं. कोण कशाचा काय अर्थ काढेल सांगता येतं का? नवरा-बायकोत व्हायचंच, घरोघरी मातीच्या चुली. फळं आणत होता म्हणजे मनात माया आहे.

आता आनंदाची बातमी. तुझ्या सासूबाईंचं मला उत्तर आलं! काय सुंदर लिहितात गं. म्हणाल्या, तुम्ही तुमच्या सासूबाईंना घेऊन या, वरची खोली देते, घरच्यांकडून काय घ्यायचं. आमच्या सासूबाईंनी लगेच बॅग काढली. काल शेजारणीला सांगत होत्या, "माझ्या सुनेच्या बहिणीचं बेट आहे." बेट! मी हसू दाबलं. पण धाकटे, या घरात इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कुणी चहा हातात आणून दिला. तू आता काही उलटसुलट बोलून यावर पाणी ओतू नकोस. आठ दिवस हसून राहा. एवढं माझ्यासाठी कर.

पोरग्याला पोहायचं आहे.

तुझी,
ताई


ता. १० फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

सुखरूप पोचलो. बोट जरा हलली, सासूबाईंना मळमळलं, पण उतरल्यावर पहिलं वाक्य काय तर "पुढच्या वर्षी परत!" तुझ्या सासूबाईंना आमचे सगळ्यांचे आभार सांग. आमच्या सासूबाई त्यांना आता बहीणच म्हणतात. तू आमच्या सासूबाईंना मावशी म्हणायला लागलीस तेही त्यांना फार आवडलं.

काय तो समुद्र, काय ती घरं! जांभळ्या घरापुढं मी काढलेला फोटो बघून शेजारीण गप्पच झाली. आणि शेवटच्या दिवशी सकाळी गच्चीवर काढलेला, तो तर सगळ्यात भारी. मी कडेला बसलेय, पाय खाली सोडून, मागं नुसतं निळं. तू आदल्या रात्री ते घाणेरडं जाळं बांधून ठेवलं होतंस ना, पोरग्यासाठी म्हणून, ते मी सोडून बाजूला केलं, म्हणून एवढा मोकळा आला. सासूबाईंनी त्याची मोठी प्रत काढायला टाकलीय.

मोरीपाशी तू मला जे विचारलंस त्याबद्दल. हो, आठवत होतं. काकूचं घर, तांब्या, सगळं आठवत होतं. पण धाकटे, तेव्हा आपण पोरी होतो. आता संसार आहेत. मी येऊन काय करणार होते, तुला आणि पोरीला घेऊन कुठं जाणार होते? माझ्या घरात मलाच जागा नाही. म्हणून मी गोड अर्थ काढला. त्यातून सगळ्यांचं बरं झालं असतं. तू उगाच तोंड फिरवून बसलीस, बोटीपर्यंत सोडायला पण आली नाहीस. भिंगरी तरी यायची हात हलवायला. रुसली का ती पण?

तुझी,
ताई


ता. ३ मार्च

ताई,

मी बोटीवर का आले नाही ते सांगते.

तुमच्या बॅगा हे खाली नेत होते. मी वर गेले चादरी काढायला. भिंगरीला तिथंच मोकळं सोडलं होतं, पाठीवर घेतलं नव्हतं, कारण मला माहीत होतं की जाळं बांधलंय. मीच बांधलं होतं. गाठी पण मोजून मारल्या होत्या. यांचा जिन्यावर आवाज आला, तुझी ती निळी बॅग जड होती म्हणून हे ओरडले. भिंगरी घाबरून पळाली. माझ्या अंगावरून गेली, तिचा फ्रॉक माझ्या हाताला लागला. मी हसले पण, म्हटलं, जा, जाळ्यात बस पाखरासारखी.

जाळं कोपऱ्यात गोळा करून ठेवलं होतं. नीट घडी घालून. तुझी घडी मला ओळखू येते.

ओहोटी होती.

तुमच्या बोटीचा भोंगा वाजला तेव्हा मी खडकावर होते. तुम्ही वळून बघितलं असतंत तर दिसले असते. तुझा पोरगा हात हलवत होता, ते मला दिसत होतं.

जिवंत आहे. पाय दोन ठिकाणी मोडला. डॉक्टर म्हणाला, वाढेल तसा आखूडच राहील. आधी बोलायला लागली होती, "आई", "पाव", "बोट". आता काही बोलत नाही. मी हाक मारली की बघते, बस.

सासूबाई म्हणाल्या, जाळं कुणी सोडलं? मी तुझं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "पाहुण्यांवर ढकलतेस? लाज नाही वाटत?"

धाकटी


ता. २२ मार्च

धाकटे,

तुझं पत्र वाचून दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. पण स्पष्ट बोलते. माझ्यावर ढकलू नकोस. जाळं मी सोडलं हे खरं, पण परत बांधायचं ते मला कोण सांगणार? मी पाहुणी. मला काय माहीत तुमच्या गाठी. पोर तुझी, लक्ष तुझं. आईनं जाळ्याच्या भरवशावर राहायचं नसतं.

हे आमच्या सासूबाईंना मी सांगितलेलं नाही. त्या फोटोकडं रोज बघतात, त्यांना कशाला. तूही कुणाला लिहू नकोस.

पोरीच्या पायाला तेल लाव. लहान हाडं जुळतात.

ताई


ता. ३० ऑगस्ट

प्रिय धाकटे,

बरेच महिने पत्र नाही. तू रागावली असशील. भिंगरी कशी आहे? बोलते का? मी तिच्यासाठी एक फ्रॉक शिवलाय, पाठवते.

इकडे सगळं छान आहे. तुझ्या भावोजींचं फेब्रुवारीपासून पत्र नाही, पैसेही नाहीत, पण बोटीवरच्या माणसाचं असंच असतं. घर सासूबाई चालवतात. स्वयंपाकघराची किल्ली आता त्यांच्याकडे असते, मला दगदग नको म्हणून. पोरगा त्यांच्याजवळ झोपतो. दीर फार काळजी घेतात, येता-जाता चौकशी करतात. माझ्या खोलीच्या दाराची कडी सैल झाली होती, ती दुरुस्त करतो म्हणून काढून नेली. अजून बसवली नाही. मी रोज आठवण करते, ते हसतात.

जुने कपडे एका बॅगेत भरून ठेवलेत. ती निळी.

सासूबाई इथंच शेजारी बसल्यात, तुला आशीर्वाद सांगतात.

धाकटे, हल्ली मला भूक नाही. खरंच गं. अजिबात भूक नाही.

तुझी आणि फक्त तुझी,
ताई


ता. १२ सप्टेंबर

ती. मावशींना नमस्कार,

तुम्ही मला ओळखलंत ना? पिवळ्या घरातली, तुमच्या सुनेची धाकटी बहीण. मी कधी कुणाला असं लिहीत नाही, शिक्षण नाही, पण बातमी अशी आहे की राहवेना. कार्ड उघडंच पाठवतेय. आनंदाचं काय लपवायचं? पोस्टमननं वाचलं तरी चालेल.

ताईचं पत्र आलं. "हल्ली मला भूक नाही" म्हणते. तुम्ही शेजारीच होतात म्हणे, पण ती लाजाळू, स्वतः कशाला सांगेल! मावशी, अभिनंदन! पोरग्याच्या वेळीही तिचं अन्नावरचं मन असंच उडालं होतं. भावोजी कधी येऊन गेले ते तिनं लिहिलं नाही. आले असतीलच. घरातली बाकी माणसं तिची फार काळजी घेतात असं मात्र लिहिलंय, धाकट्या दिरांचं तर नाव काढून. तेव्हा मला काळजी नाही.

आमच्याकडं सगळं छान. भिंगरी बोलत नाही, पण पाहुण्यांना ती आवडते. लंगडत दार उघडायला येते, त्याचे फोटो काढतात. सासूबाई म्हणतात, तिच्या पायगुणानं वरची खोली रिकामी राहत नाही. आणि गच्चीला कठडा लावला. कमिटीनं पांढरा रंग दिला. आता लोक त्याला टेकून फोटो काढतात, समुद्र काही चिरत नाही.

ताईला माझा निरोप द्या, हे खालचं वाचून दाखवा. तुम्ही चांगलं वाचत असाल.

ताई, पत्र पोचलं. कडीचं सासूबाईंना प्रेमानं सांग. मला लिहून काय उपयोग?

तुमची,
धाकटी